कोळशाच्या पट्ट्यातली पोरं आणि सोलरचं प्रशिक्षण : नेमकं काय शिकवावं?

इरईकाठ

नमस्कार मंडळी,

चंद्रपूर, बल्लारपूर, माजरी, वणी या पट्ट्यात बारावी झालेल्या पोराला घरचे पहिला प्रश्न विचारतात, "वेकोलित काही जमते का?" वेकोलि म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स, इथली सरकारी कोळसा कंपनी. तिथे नाही जमलं तर महाऔष्णिक केंद्रात ठेकेदाराकडे, नाही तर सिमेंटच्या कारखान्यात. कोळशाने आमची हवा खराब केली, पण पगारही त्यानेच दिला. एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. त्याभोवतीचे ट्रकवाले, वेल्डर, खानावळी, टायरची दुकानं मोजायला बसलं तर अर्धं शहर त्यात येतं.

आता हवा बदलते आहे. छतावर पॅनल दिसतात, शेतात सौर पंप दिसतात, आयटीआयमध्ये सोलर टेक्निशियनचा वर्षभराचा ट्रेड आहे, सूर्यमित्र या सरकारी सोलर प्रशिक्षणाचे वर्ग होतात. आम्ही काही जण मिळून १८ ते २५ वयाच्या मुलामुलींसाठी महिनाभराचा एक वर्ग सुरू करतोय. जागा मिळाली आहे, दोन शिक्षक तयार आहेत.

माझं मत आधीच सांगतो. नुसतं पॅनल बसवायला शिकवलं तर आपण ठेकेदारांना स्वस्तातले हात तयार करून देऊ. कोळशाच्या खाणीसाठी जमीन गेली तर कोल इंडियाच्या धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी धरलेली आहे. ती मिळवताना लोकांची आयुष्यं गेली ही गोष्ट वेगळी, पण निदान भांडायला कागद तरी होता. सोलरला एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात आणि एकदा उभा राहिला की तो प्रकल्प मोजक्या माणसांवर चालतो. म्हणजे जमीन जास्त, नोकऱ्या कमी. हा हिशोब ज्या पोराला मांडता येईल तो उद्या ग्रामसभेत उभा राहून प्रश्न विचारेल. असं शिक्षण एका वर्गात कसं बसवायचं? अनुभव सांगा, चुकत असेन तर सांगा.

तारवाला

चांगला धागा. मी नागपूरकडे सोलरची कामं घेतो, वायरमन परवाना आहे. ग्रामसभा वगैरे नंतर बघा, आधी पोरगं जिवंत राहिलं पाहिजे.

घरची वायरिंग केलेल्या पोराला वाटतं, मेन स्विच पाडला की लाइन मेली. पॅनलचं तसं नसतं. ऊन आहे तोवर पॅनल वीज तयार करतंच. आजकालच्या एका मोठ्या पॅनलचं उघडं व्होल्टेज साधारण ५० असतं. घरावरच्या ३ किलोवॅटला सहा पॅनल एका माळेत जोडले की ३०० व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. मोठ्या प्रकल्पात तर हजाराच्या घरात जातं. घरच्या लाइनीचा, म्हणजे एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझायला वाव असतो. डीसीत तो शून्यावर येतच नाही. लोड चालू असताना कुणी कनेक्टर उपसला की ठिणगी लांबत जाते आणि हात भाजतो, नाही तर छत पेटतं.

मी पाहिलेल्या बहुतेक बिघाडांचं मूळ कनेक्टरमध्ये निघालं. क्रिम्पिंगचं (तारेवर कनेक्टर दाबून बसवायचं) हत्यार महाग म्हणून पक्कडीने दाबलेलं, किंवा दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत घुसवलेले. सहा महिने चालतं, मग उन्हाळ्यात वितळतं.

तेव्हा इरईकाठ भाऊ, पहिला पैसा चांगल्या क्रिम्पिंग हत्यारावर, डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर, अर्थ टेस्टरवर आणि हार्नेसवर (उंचीवर बांधायच्या सुरक्षा पट्ट्यावर) घाला. प्रोजेक्टर नाही घेतला तरी चालेल.

कळीचा_नारद

छतावर वानरं आली तर काय करायचं याचा एक तास ठेवा. आमच्या रत्नागिरीला पॅनलवर टोळी बसते आणि खालून काका काठी आपटतात. सध्याचं प्रशिक्षण एवढंच आहे.

तारवाला

@कळीचा_नारद हसू नका, खरंच विषय आहे तो. केबल उघडी लोंबकळत ठेवली की वानरं आधी तीच ओढतात. पाइपातून न्या आणि चिमटे लावा.

स्पष्टच_बोलतो

धाग्याच्या गृहीतकाशीच असहमत. कोळसा कुठे चाललाय? कोराडीला ६६० मेगावॉटच्या दोन नव्या संचांची जनसुनावणी २०२३ मध्ये झाली. देशाचं कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचं उद्दिष्ट २०७० चं आहे. आज वीस वर्षांचा मुलगा तेव्हा पासष्टीचा असेल. संध्याकाळी सात वाजता सगळी शहरं दिवे लावतात तेव्हा सूर्य मावळलेला असतो आणि भार उचलायला औष्णिक संचच लागतात. "कोळसा संपणार" अशी भीती घालून पोरांना तीन महिन्यांच्या प्रमाणपत्रामागे लावू नका. त्यांना फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन असे पक्के ट्रेड करू द्या. ते कोळशालाही चालतात, सोलरलाही आणि रेल्वेलाही.

इरईकाठ

@स्पष्टच_बोलतो शेवटचं वाक्य मला शंभर टक्के मान्य आहे. आम्हीही आधी इलेक्ट्रिशियनचा पाया आणि त्यावर सोलर असंच धरलंय.

पण कोळसा एका दिवसात जात नाही म्हणूनच तयारी आता करायची. चंद्रपूरचे २१० मेगावॉटचे पहिले दोन संच कधीच बंद झाले. त्या वेळी कोणी कंत्राटी कामगारांना बसवून "आता पुढे काय" असं विचारलं का?

परळीकर_पोरगा

नाही विचारलं. आमच्याकडेही नाही.

परळी वैजनाथला २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी अख्खं केंद्र बंद पडलं. तेव्हा मी शाळेत होतो, वडील कोळसा हाताळणीत ठेकेदाराकडे. कायम कामगारांच्या बदल्या झाल्या, त्यांचे पगार चालू राहिले. वडिलांच्या हातात काही नव्हतं. हजेरी कार्ड ठेकेदाराकडे, भविष्य निर्वाह निधीचा नंबर माहीत नाही. इतकी वर्षं त्या केंद्रात राबले पण कागदावर ते तिथे नव्हतेच. आई शिवणकामावर घर चालवत होती.

कोळसा जाईल की राहील यावर तुम्ही खुशाल वाद घाला. केंद्र कोणत्याही कारणाने थांबलं तरी आधी कोण रस्त्यावर येतं ते ठरलेलं आहे. म्हणून वर्गात पगारपत्रक वाचायला शिकवा. यूएएन (भविष्य निर्वाह निधीचा) नंबर कसा तपासायचा, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड कुठे मिळतं, किमान वेतनाचा दर कुठे बघायचा ते शिकवा. सोलरचा ठेकेदार कोळशाच्या ठेकेदारापेक्षा वेगळा माणूस नसतो. बऱ्याचदा तोच असतो.

स्पष्टच_बोलतो

@परळीकर_पोरगा हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पटला.

पाटणची_पठारं

साताऱ्याच्या बाजूने लिहिते. आमच्या वांकुसवड्याच्या पठारावर नव्वदच्या दशकाच्या शेवटी पवनचक्क्या आल्या. अक्षय ऊर्जा म्हणजे काय हे महाराष्ट्राला कळण्याआधी आमच्या डोक्यावर पाती फिरत होती. तेव्हा पठारावरची जमीन म्हणजे वरी-नाचणीची, वाऱ्याची, कोणाला हवी? लोकांनी मिळेल त्या भावात विकली. एजंट मधले, सह्या घाईच्या. पुढे गावातल्या पोरांना मिळालेलं काम बहुतेक राखणदारीचं. वर चढून दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ बाहेरून गाडीने यायचा आणि आमचा पोरगा त्याला गेट उघडून द्यायचा. त्याच्यात अक्कल कमी होती असं नाही. उंचीवर काम करण्याचं, बचावाचं, प्रथमोपचाराचं जे प्रमाणपत्र लागतं ते मोठ्या शहरात जाऊन, पदरचे पैसे घालून काढावं लागतं. ते पैसे त्याच्याकडे नव्हते, आणि जमीन घेताना ते प्रशिक्षण करारात मागता येतं हे सांगणारं कोणी नव्हतं.

आमच्याच तालुक्यातलं मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौर ग्राम म्हणून जाहीर झालं. मला त्याचं फार कौतुक आहे. छोटं गाव, पण घरोघरी पॅनल आणि वीज घरची. तिथे मालकी गावाची आहे. पठारावर ती दुसऱ्याची आहे. या दोन्ही ठिकाणी मुलांना घेऊन जावं आणि काही न सांगता दिवसभर हिंडू द्यावं. फरक त्यांना आपोआप कळेल.

काळीआई

वैजापूर तालुक्यातून. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० चा पहिला, ३ मेगावॉटचा प्रकल्प आमच्या तालुक्यात, धोंदलगावला सुरू झाला, २०२४ ला. शेतकऱ्याच्या नजरेने सांगायचं तर दिवसा वीज मिळणं ही छोटी गोष्ट नाही. रात्री दोनला पाणी द्यायला जाताना एका हातात बॅटरी, एका हातात काठी. विंचू, साप, आता बिबट्याही. ज्याच्या घरातलं माणूस रात्रीच्या पाळीला गेलं आहे त्यालाच ते कळतं.

भाडेपट्टाही बरा आहे. खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. माझ्या कोरडवाहू रानात एवढं कधी निघालं नाही. पण हे पैसे सातबारावर नाव असलेल्याला. त्या रानात निंदणीला येणाऱ्या बायांचा रोज बुडाला, त्यांना भाडं नाही. आणि योजनेत सरकारी जमिनीही घेतल्या जातात. मराठवाड्यात गायरानं म्हणजे काय हे इथल्यांना माहीत असेल: पिढ्यानपिढ्या कसणारी दलित, भटकी कुटुंबं, ज्यांचा ताबा आहे पण कागद नाही, आणि मेंढरं चारणारे. नकाशावर ती जमीन "मोकळी" दिसते.

पोरांना सोबत घेऊन गावाचा नकाशा काढा. कुठे कोण कसतं, कुठे गुरं जातात, पाणवठा कुठे. हा कागद ग्रामपंचायतीचा ठराव होण्याच्या आधी तयार हवा. नंतर काढून उपयोग नाही.

मुळामुठा

काळीआई, फार चांगलं लिहिलंत. पुण्यात बसून आम्हाला सोलर म्हणजे फक्त घराच्या छतावरच्या सोलरला सूर्यघर योजनेतून मिळणारं ७८ हजारांचं अनुदान आणि शून्य बिल एवढंच दिसतं.

(अवांतर: आमच्या सोसायटीत दोन वर्षं झाली, गच्ची कोणाची यावर अजून सर्वसाधारण सभा चालू आहे.)

कळीचा_नारद

@मुळामुठा तिथे पॅनलआधी मंडपाचं प्रशिक्षण द्या, सभा उन्हात चालते म्हणून.

सुईदोरा

एक विचारू? आत्तापर्यंत सगळ्यांनी "पोरगं" लिहिलंय. इरईकाठांनी पहिल्या पोस्टमध्ये "मुलामुलींसाठी" म्हटलं आहे म्हणून हिंमत करते.

मी यवतमाळ भागात बचत गटांबरोबर काम करते. मुलींना पॅनलचं काम जमत नाही हा समज कुठून आला माहीत नाही. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने शाळा न शिकलेल्या बायकांना, आज्यांनासुद्धा, सौर यंत्रणा जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवलं. रंग बघून तारा ओळखायच्या, हाताने करत करत शिकायचं. डुंगरपूरला आयआयटी मुंबईच्या सोबतीने आदिवासी बायकांनी सौर दिवे जोडता जोडता पुढे स्वतःची कंपनी काढली.

अडचण हुशारीची नसते. बस साडेपाचला सुटते आणि वर्ग सहाला संपतो, ही अडचण असते. साइटवर संडास नसतो. छतावर चढायचं तर कपडे कुठले, हार्नेस पुरुषी मापाचा. कामाच्या ठिकाणी ती एकटीच मुलगी असली की घरचे दुसऱ्या दिवशी पाठवत नाहीत. म्हणून मुली कमीत कमी चार-पाच एकत्र घ्या, कामालाही जोडीने पाठवा. आयांना पहिल्या आठवड्यात एकदा बोलवा आणि चहा पाजून पोरीच्या हातून एक दिवा पेटवून दाखवा. पुढचं त्याच बघतात.

तारवाला

@सुईदोरा बरोबर बोललात ताई. पुढे "पोरं" लिहिताना लक्षात ठेवतो. लहान मापाचे हार्नेस मिळतात, इरईकाठ भाऊंना दुकानाचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

ऱ्हाईनकाठचा

जर्मनीतून लिहितोय, इथे एका विद्युत कंपनीत आहे. जर्मनीने २०२० मध्ये कायदा करून २०३८ पर्यंत कोळशाची वीज बंद करायचं ठरवलं आणि कोळशाच्या प्रदेशांसाठी ४० अब्ज युरोपर्यंतची तरतूद केली. आकड्याने दिपून जाऊ नका, आपल्याकडे तेवढा पैसा नाही. घेण्यासारखी गोष्ट दुसरी आहे. इथे इलेक्ट्रिशियन व्हायला साधारण साडेतीन वर्षं लागतात. आठवड्यातले काही दिवस कंपनीत, काही दिवस शाळेत, आणि पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन. त्यामुळे गरीब घरातलं पोरगंही पूर्ण वेळ शिकू शकतं. तीन महिन्यांत तंत्रज्ञ ही कल्पना इथे कोणी ऐकूनही घेणार नाही.

लाउझित्स भागात १९९० नंतर तपकिरी कोळशाच्या खाणी धडाधड बंद झाल्या तेव्हा लोक कामाच्या शोधात निघून गेले, तरुण आधी गेले. ती जखम अजून आहे. आता कोटबुसला रेल्वेचा देखभाल कारखाना काढलाय. खाण कामगाराला त्याच्याच गावात दुसरं काम देण्याचा तो प्रयत्न आहे. उशिराच, पण आहे.

स्पष्टच_बोलतो

म्हणजे बघा, विद्यावेतन हा कळीचा मुद्दा. सूर्यमित्र ६०० तासांचं, मोफत, राहण्याची सोयही, पण त्या तीन महिन्यांत घरी कोण कमावणार? आणि नंतर नोकरी मिळते ती भडला नाही तर खावड्याला. राजस्थान-कच्छच्या उन्हात, गावापासून हजार किलोमीटर. पोरगं चार महिन्यांत परत येतं आणि पुन्हा ट्रकवर चढतं. मी असे पाहिलेत.

परळीकर_पोरगा

+१. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआयवाल्याला महिना ८ हजार विद्यावेतन होतं, पण मुदत सुरुवातीला सहाच महिने होती. माझा मित्र त्यात होता. मुदत संपली, तो घरी. ज्या कामाला पुढची पायरी नाही त्याचं प्रशिक्षण देऊन पोरांचा हिरमोड होतो.

पाटणची_पठारं

मग गावातच लागणारं काम शिकवू या ना. मागेल त्याला सौर पंप योजनेत पंप बसले, कंट्रोलर बंद पडला की शेतकरी कंपनीच्या नंबरवर फोन लावत बसतो. पेरणीचे दिवस निघून जातात. प्रत्येक मोठ्या गावात पंपाचा कंट्रोलर उघडून बघता येणारी दोन माणसं असली तरी केवढा फरक पडेल. हमी चालू असताना हात लावायला परवानगी लागेल, म्हणून कंपनीशी आधी करार करावा.

काळीआई

हे शंभर नंबरी. पॅनल धुणं, गवत काढणं, कुंपण बघणं ही कामं तर बचत गटाला देताच येतील. योजनेत प्रकल्पाच्या गावाला ग्रामपंचायतीमार्फत वर्षाला ५ लाख असे तीन वर्षं मिळतात. त्यातून गावातल्या दोन मुलींना प्रशिक्षणाला पाठवा असा ठराव का होऊ नये?

भंगारप्रेमी

थोडं अवांतर. पॅनलचं आयुष्य २५ वर्षं धरतात, पण गारपीट आणि वाहतुकीत फुटलेले आजच ढिगाने पडलेत. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनलही घेतले आहेत. काच, ॲल्युमिनियम, थोडी चांदी, तांबं, आणि सोल्डरमध्ये शिसं. गावातला भंगारवाला फ्रेम काढून घेतो आणि काच नाल्यात. हे पुढच्या पिढीचं काम आहे, वर्गात निदान एक तास द्या. शिवाय फुटका पॅनलही बऱ्याचदा वीज देतो, सरावाला फुकट मिळतो. फक्त हातमोजे घालून आणि कोरड्यात.

इरईकाठ

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही काल बसून बरंच बदललं, ते लिहितो.

महिनाभराचा वर्ग रद्द. वर्षभर चालवायचा, आठवड्याचे तीन दिवस, म्हणजे उरलेल्या दिवशी मजुरी करता येईल. वेळ सकाळी दहा ते चार, बस चुकणार नाही. मुलींची तुकडी किमान पाच जणींची असल्याशिवाय वर्ग सुरू करायचा नाही. सुरुवातीचे महिने फक्त विजेचा पाया आणि सुरक्षा, आणि तारवाला भाऊ सांगतात त्या हत्यारांवर पैसा. वायरमन परवान्याच्या परीक्षेपर्यंत मुलांना नेणं हे उद्दिष्ट, आमच्या प्रमाणपत्राला बाजारात किंमत नसेल हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगणार.

जोडीला दर शनिवारी कागद वाचायचे. सातबारा, भाडेपट्ट्याचा करार, पगारपत्रक, वीजबिल, ग्रामसभेचा ठराव. हे वकील नाही शिकवणार. निवृत्त तलाठी आणि कामगार संघटनेतले एक जुने कार्यकर्ते तयार झालेत. काळीआईंचा नकाशा पहिल्या पावसाआधी दोन गावांत काढायचा आहे.

विद्यावेतनाचं अजून जमलेलं नाही. स्थानिक ठेकेदारांना शिकाऊ उमेदवार कायद्याखाली मुलं घ्यायला लावावं असं ठरतंय. दोघांशी बोललो, एक तयार आहे, दुसरा म्हणतो "कागद नको, तशीच पाठवा." तशी पाठवणार नाही.

@स्पष्टच_बोलतो, तुम्ही औष्णिक केंद्रातल्या कामाबद्दल जाणकारीने लिहिता. टर्बाइन, पंप, ट्रान्सफॉर्मर यावर काम केलेल्या कंत्राटी कामगारांना सोलरच्या सबस्टेशनला नेताना काय नवीन शिकवावं लागेल, ते लिहाल का?

स्पष्टच_बोलतो

लिहितो. ३३ केव्हीचं स्विचयार्ड, रिले, अर्थिंग, परमिट घेऊन काम करण्याची शिस्त हे त्यांना आधीच येतं, उलट नव्या पोरांना त्यांनीच शिकवावं. नवीन लागेल ते इन्व्हर्टर, डीसी बाजू आणि संगणकावरची नोंद. तीन-चार आठवड्यांत जमेल. माझ्या ओळखीचे दोन निवृत्त ऑपरेटर बल्लारपूरलाच आहेत, त्यांना विचारून सांगतो.

बल्लारपूरची_नवीन

इथे पहिल्यांदाच लिहिते. बारावी सायन्स झालंय, वडील खाणीत ठेक्यावर. मला यायचं आहे आणि माझ्यासोबत मैत्रिणी दोघी आहेत. म्हणजे तिघी. पाच व्हायला दोन कमी पडतात, चालेल का? आणि फी किती?

इरईकाठ

@बल्लारपूरची_नवीन फी नाही. दोघी राजुऱ्याहून आधीच तयार आहेत, म्हणजे पाच झाल्या. व्यनि करा, पहिल्या बैठकीला आईला नक्की आणा.